सोनवणे काका आणि फुकटे ग्रॅम

सोनवणे काकांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या पिशवीचं वजन विचारलं.

म्युनिकहून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीतून मी त्या डोंगरपायथ्याच्या गावात उतरले, तेव्हा प्लॅटफॉर्मवर गोल चष्म्याचे एक ठेंगणे गृहस्थ उभे होते. हातात नावाची पाटी नव्हती. आपल्याकडे रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा ताणकाटा होता.

"किती असेल?" ते पिशवीकडे बघत म्हणाले.

"काय, काका?"

"वजन गं."

"माहीत नाही."

"माहीत नाही? इचलकरंजीपासून खांद्यावर घेऊन आलीस आणि माहीत नाही?"

त्यांनी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, माझी पिशवी हुकाला अडकवून वर उचलली. काट्याकडे बघून त्यांचा चेहरा एखाद्या डॉक्टरसारखा गंभीर झाला. "आत लोखंड आहे काही?"

"खलबत्ता आहे. आईने दिला."

"आईने दिलाय होय? मग तेवढं वजा," असं म्हणून त्यांनी काटा कोटाच्या खिशात घातला आणि मग विचारलं, "नाव काय म्हणालीस?"

मधुकर सोनवणे मूळचे येवल्याकडचे. त्या गावातल्या शिकारी बंदुकांच्या कारखान्यात ते डिझाइन इंजिनियर होते. मी म्युनिकला मास्टर्स करत होते आणि प्रबंधाचं काम त्यांच्या हाताखाली करायला आले होते. ही गोष्ट दोन हजारच्या दशकाच्या मध्याची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिलीच. वडील यंत्रमागावर होते. त्यामुळे "मुलगी जर्मनीत काय करते?" असं कुणी विचारलं की आई नुसतंच "मशीनचं काहीतरी" म्हणायची. बंदुका आहेत हे मी तिला बरेच महिने सांगितलं नव्हतं.

काकांचा सगळ्या जगाकडे एकच प्रश्न असे: "हा ग्रॅम कुणाचं काम करतो?" जो ग्रॅम काम करत नाही तो फुकटा. फुकट्या ग्रॅमना त्यांच्या घरात थारा नव्हता. त्यांच्या शर्टांच्या कॉलरमागची लेबलं कापलेली असत. टूथब्रशची दांडी अर्धी. छत्रीच्या मुठीला, स्वयंपाकघरातल्या उलथण्याला, बूट चढवायच्या पट्टीलाही त्यांनी ड्रिलने भोकं पाडली होती. झाऱ्याला तर आधीच भोकं असतात. त्यावर काका खूश होते. "हा माणूस हुशार होता," झाऱ्याच्या त्या अज्ञात कर्त्याबद्दल ते म्हणायचे.

"मला बघायला आले ना," शालनकाकू सांगायच्या, "तेव्हा माझ्याकडे बघितलंच नाही. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि हे विचारतात, ट्रे पितळी आहे का स्टीलचा? माझी आई म्हणाली, मुलगा भांड्यांच्या दुकानातला आहे का गं?"

"पितळी होता," काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे. "हात थरथरत होते तिचे. स्टीलचा असता तर थरथरले नसते."

"ते लाजेने थरथरत होते, अहो."

"गेनाऊ, तेच तर. त्यात ट्रेची भर कशाला?"

बंदूक ही काय वस्तू असते, हे मला पहिल्या दिवशी काहीच कळत नव्हतं. ते विचारायचंही धाडस होत नव्हतं. काकांनी ते ओळखलं असावं. त्यांनी मला कारखान्यात न नेता आधी स्वतःच्या घराच्या मागच्या दाराशी नेलं. त्या दाराला त्यांनी भारतातून आणून बसवलेली आडवी कडी होती.

"उचल. मागे ओढ. आता पुढे ढकल. आता खाली पाड. आल्झो, ही झाली बंदुकीची बोल्ट ॲक्शन. मागे ओढलीस तेव्हा रिकामं काडतूस बाहेर पडलं. पुढे ढकललीस तेव्हा नवं आत गेलं. खाली पाडलीस तेव्हा दार बंद. आता आत केवढाही स्फोट होऊ दे, कडी उघडायची नाही. शंभराहून जास्त वर्षं लोक हीच कडी लावतायत. आपण फक्त तिचं वजन बघायचं."

आणि खरोखर ते तेवढंच बघत. चांगली शिकारी रायफल दुर्बीण लावल्यावर चार किलोच्या वर जाते. काकांनी त्यातला प्रत्येक भाग चौकशीला बोलावला होता. त्यांच्या बंदुकीत बोल्टचे दात थेट नळीच्या पोलादात अडकत. म्हणजे स्फोटाचा सगळा ताण नळीच झेलणार. मग भोवतीचा सांगाडा पोलादाचा कशाला? तो त्यांनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. नळी थोडी आखूड केली आणि बाहेरून लांबीभर खाचा पाडल्या; त्याने वजन घटतं आणि तरी ती नुसत्या बारीक नळीइतकी लवचिक होत नाही. बोल्टची मूठ आतून पोकळ. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, कार्बन फायबरचा, आत फोम. तो दस्ता म्हणजे माझा प्रबंध. बोल्ट थोडासाच उचलला तरी उघडावा, म्हणजे हात वरच्या दुर्बिणीला आपटत नाही. आणि स्प्रिंग सदा ताणलेली नाही; नेम धरताना अंगठ्याने पुढे सरकवायची, तेव्हाच बंदूक जिवंत होते. डोंगरात पाय घसरला तरी तोपर्यंत ती एक नळकांडंच.

दुर्बीण बनवणाऱ्यांवर मात्र त्यांचा कायमचा राग. "मी खाचा पाडून पाडून कमावतो आणि हे लोक एका भिंगात उडवतात. जा जा, उजेड जास्त दिसतो म्हणे! संध्याकाळी लवकर घरी जा ना मग."

कोलोनला मराठी मंडळींच्या बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. तिथे एका गृहस्थांनी जेवताना सगळ्यांच्या देखत विचारलं, "सोनवणेसाहेब, घरी बुद्धमूर्ती आणि कामावर बंदुका, हे कसं जमतं हो?"

मला वाटलं, आता काका चिडणार. काकांनी शांतपणे ताटातली कोशिंबीर संपवली. "मी बंदूक बनवत नाही. बंदूक होतीच. मी वजन कमी करतो."

लोक हसले. काका हसले नाहीत. परतीच्या गाडीत कुणी काही न विचारता ते म्हणाले, "इथल्या जंगलात लांडगे राहिले नाहीत. हरणं वाढतात, कोवळी झाडं खातात, त्यांना कमी करावं लागतं. हे काही मी ठरवलेलं नाही. पण चढून दमलेल्या माणसाच्या हातात जड बंदूक दिली की हात हलतो. गोळी पोटात लागते. जनावर दोन दिवस मरत राहतं. ते मला चालत नाही."

काका स्वतः शिकार करत नसत. रक्त बघितलं की त्यांना घेरी येई. कारखान्याच्या रेंजवर चाचणी घ्यायचे, तीही फक्त निशाणाच्या कागदावर. "कागदाला आई नसते," असं त्यांचं म्हणणं.

शिकारी होत्या त्या शालनकाकू.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोळी हातात धरून तशीच बसले. पाच फूट उंचीच्या, अंबाडा घालणाऱ्या, मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या या बाईंनी गावातल्या शेतकऱ्यांबरोबर क्लासला बसून येगरप्रुफुंग, म्हणजे शिकाऱ्यांची परीक्षा, पास केली होती. त्या परीक्षेत झाडं, पक्षी, जनावरांचे आजार, कायदा, बंदूक असं सगळं येतं, आणि तेही बव्हेरियन हेल काढून बोलणाऱ्या मास्तरांसमोर. त्यांचं जर्मन भलतंच होतं. बँकेत त्या अडखळायच्या. पण हरणाच्या यकृतावरचे डाग कोणत्या रोगाचे हे घडाघडा सांगायच्या.

"करणार काय?" काकू म्हणायच्या. "हे दिवसभर कारखान्यात. शेजारणी नमस्कार करून पडदा ओढतात. एकदा रानात अळंबी शोधायला गेले, तिथे म्हातारा वनरक्षक भेटला. तो बोलायला लागला, मी ऐकायला लागले. त्याचं निम्मं कळत नव्हतं, पण बोलत होता ना कुणीतरी."

त्या शिकार करायच्या ती फार रीतीने. इकडे एक पद्धत आहे. जनावर पडलं की शिकारी झाडाची छोटी डहाळी तोडून त्याच्या तोंडात ठेवतो. शेवटचा घास म्हणतात त्याला. मग टोपी काढून थोडा वेळ उभं राहायचं. काकू टोपीऐवजी डोक्यावरचा रुमाल सोडायच्या. घरी आल्यावर येवल्याच्या काळ्या मसाल्यात रस्सा. नमस्कार करून पडदा ओढणाऱ्या शेजारणीही त्या वासाला डबा घेऊन यायच्या. काका मांस खात नसत. "रस्सा चालतो, फोडी नकोत," अशी त्यांनी स्वतःपुरती तडजोड केली होती.

आणि शिकारीहून आल्यावर काकू बोलायच्या. वारा कुठून होता, कोणत्या खडकाशी बसले, हरीण कसं आलं, मान कशी वळवली. काका समोर बसून ऐकायचे. रक्ताचा भाग आला की डोळे मिटायचे, तो संपला की उघडायचे.

हे सगळं मी तिथे जायच्या आधीचं, काकूंकडूनच ऐकलेलं. मी गेले तेव्हा हे बंद झालं होतं.

आदल्या हिवाळ्यात दारातल्या बर्फावरून घसरून काकूंचा उजवा खांदा गेला होता. ऑपरेशन झालं. हात वर जायला लागला, लाटणं चालायला लागलं. पण डॉक्टर म्हणाले, बंदुकीचा धक्का नको. काकूंनी वाद घातला नाही. आपली जुनी रायफल पुसून कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "झालं तेवढं पुष्कळ झालं." त्यानंतर त्या घरात असायच्या, स्वयंपाक करायच्या, मला प्रेमाने वाढायच्या; पण जेवताना टेबलावर काट्याचमच्यांचाच आवाज व्हायचा.

तेव्हाच कारखान्याच्या मालकांनी, हेर फोगलनी (हेर म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत'), ठरवलं होतं की वसंतातल्या मोठ्या प्रदर्शनात देशातली सगळ्यात हलकी डोंगरी रायफल आपण मांडायची. काका त्या कामाला असे भिडले की मला वाटलं, हे सगळं नावासाठी चाललंय. स्क्रू टायटॅनियमचे झाले. चापाभोवतीच्या कडीला खिडक्या पडल्या. एकदा तर त्यांनी माझ्या दस्त्याच्या नमुन्यावरचा रंग खरवडायला लावला. "रंग कुणाचं काम करतो?"

आणि एके दिवशी बंदूक काट्यावर ठेवली, तर दुर्बिणीशिवाय सव्वादोन किलो भरली. कारखान्यात टाळ्या वाजल्या. हेर फोगलनी काकांना चक्क मिठी मारली. मी खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. येवल्याचा माणूस आणि इचलकरंजीची मुलगी, आणि ही बंदूक.

त्या शनिवारी काका काकूंना रेंजवर घेऊन आले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दस्ता जर्मन पुरुषांच्या मापाहून एवढा आखूड का ठेवलाय, हे मी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी वजनाचं कारण दिलं होतं. तो दस्ता काकूंच्या हाताच्या मापाचा होता.

काकूंनी बंदूक एका हाताने उचलली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, ही तर छत्री आहे!"

"घे. बघ."

त्या बसल्या, नेम धरला, चाप ओढला. निशाणाच्या बरोबर मध्यावर भोक पडलं. काकूंनी बंदूक खाली ठेवली. मग वळून हसल्या. "छान आहे हो. फार छान."

"लागलं का?"

"खांद्याला? छे! काही नाही."

"अजून एक मारतेस?"

"आता नको. घरी भात लावायचाय."

संध्याकाळी चहा ओतताना काकूंनी किटली डाव्या हाताने उचलली. मी बघितलं. काकांनीही बघितलं. काकूंनी बंदुकीचं आणखी एकदा कौतुक केलं.

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. बंदूक जड असली तर तो जोर तिच्याच अंगात जिरतो, हलकी असली तर खांद्यात. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. काकांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण चढताना जी बंदूक छत्रीसारखी वाटते तीच चाप ओढल्यावर लाथ घालते, हे त्यांना बहुतेक बघायचं नव्हतं. मागे जाड रबर बसवलं की भागेल असं त्यांनी मानून घेतलं होतं.

सोमवारी ते हेर फोगलच्या खोलीत गेले. मी दस्त्याचे आकडे घेऊन सोबत होते.

"वजन वाढवायचंय," काका म्हणाले.

हेर फोगलना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "वाढवायचं? हेर सोनावाने, एका स्क्रूसाठी तुम्ही माझ्याशी महिनाभर भांडलात!"

"हो."

"प्रदर्शनाला एकच बंदूक जाणार. दुसरीला वेळ नाही. पाटीवर लिहायचंय, सगळ्यात हलकी. ते तुमच्या नावाने लिहायचंय."

"पाटी बदला."

"काय लिहू? जरा जड?"

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "याला सांग, लिही तसंच." काकाच मग जर्मनमध्ये हळूहळू बोलले. हलकी बंदूक कुणाला लागते? वय झालेल्यांना, बारीक चणीच्या माणसांना, ज्यांचं हाड एकदा मोडलंय त्यांना. त्यांनाच तिचा धक्का सोसत नसेल, तर ती घेणार कोण? तरुण धटिंगण? तो चार किलो सहज नेतो. हेर फोगलनी नाक चोळलं. शेवटी म्हणाले, "प्रदर्शनात कुणी हसलं तर तुम्ही तिथे उभे असाल, मी नाही." काकांनी मान डोलावली.

नळीच्या खाचा उथळ झाल्या. दस्त्याच्या पोटात धक्का खाणारी एक नळकांडी बसवली. तिच्यातलं वजन बंदूक मागे येताना पुढे सरकतं. काडतूसही लहान घेतलं. त्यावर मात्र काकू बिथरल्या.

"मला बायकी बंदूक नको. सांगून ठेवते."

"बायकी कसली? गाम्स पडतो त्याने."

"वनरक्षक हसेल मला."

"तो हसला तर तू त्याला रस्सा देऊ नकोस."

गाम्स म्हणजे आल्प्सच्या कड्यांवर राहणारं, बकरीच्या जातीचं जनावर. काकूंनी आयुष्यात एकच मारला होता.

नवी बंदूक पावणेतीन किलो भरली. काकांनी तिला काट्यावर ठेवलं आणि आकड्याकडे बघून नुसती मान हलवली. यावेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

रेंजवर काकूंनी एक गोळी झाडली. काका म्हणाले, "लागलं का?" काकूंनी बोल्ट उचलला, मागे ओढला, पुढे ढकलला, खाली पाडला, आणि दुसरी झाडली. मग तिसरी. मग म्हणाल्या, "अहो, काडतुसं एवढीच आणलीत?"

प्रदर्शनात आम्ही दोघे पाटीशेजारी उभे होतो. पलीकडच्या एका मांडवात सव्वादोन किलोच्या जवळ जाणारी रायफल होती आणि तिथे गर्दी होती. आमच्याकडे गर्दी कमी. तरी एक पांढऱ्या मिशीचे आजोबा बंदूक हातात घेऊन वजन विचारत होते, तेव्हा काकांनी "पावणेतीन" असं इतक्या मोठ्याने आणि अशा दिमाखात सांगितलं की शेजारचे दोघंतिघं वळून बघायला लागले. मला त्या क्षणी काकांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा सव्वादोनला वाटला नव्हता.

"काका, वाईट नाही वाटत?" मी परतताना विचारलं.

"वाटतं ना," ते म्हणाले. "न वाटायला काय झालं?" थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी काकू वर्षभर घरीच आहे गं. मला वाटलं होतं, बरं झालं, आता सोबत होईल. पण ती घरात असूनही मला घर रिकामं वाटतं. बाहेर जाऊन आली की तिच्याकडे सांगायला काहीतरी असतं. मी काय, कारखाना आणि काटा. माझ्याकडे सांगायला काही नसतं."

त्या शरदात काकू गाम्सच्या शिकारीला वर गेल्या. मी निरोप घ्यायला आले होते. माझा प्रबंध संपला होता. काका सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. टेबल दोनदा पुसलं. भातही त्यांनीच लावला. दुपार कलली तेव्हा दार वाजलं. काकू आत आल्या, बुटांना चिखल, गाल लाल, पाठीवर बंदूक. पिशवी रिकामी होती.

"मिळाला नाही?" काकांनी विचारलं.

"मिळाला. अगदी समोर. मादी होती, मागे पिल्लू. नाही मारलं."

"मग एवढा वेळ काय केलंस?"

"काय केलं?" काकूंनी खुर्ची ओढली, बूटसुद्धा काढले नाहीत. "अहो, बसा तर खरं. सांगते. वारा असा खालून येत होता..."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, दोन्ही कोपर टेकले आणि ऐकायला बसले. करपलेल्या भाताचा वास घरभर पसरला होता. मी हळूच उठून गॅस बंद केला आणि खिडकी उघडली.